बसतोय की!

‘बसतोय की’ हे दोन शब्द परत कुणा बल्ब विकणाऱ्या दुकानदाराच्या तोंडून ऐकले तर त्याच्याच काउंटरवर बॅटरी आपटणार आहे मी. सांगून ठेवतो.

घरात आबांच्या वेळची दोन सेलची पत्र्याची बॅटरी आहे. शहरातली माणसं टॉर्च म्हणतात, आमच्याकडं बॅटरीच. निकेल उडालंय, काचेला तडा आहे, मागची स्प्रिंग दर पावसाळ्यात पॉलिश पेपरनं घासावी लागते. पण 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं आणि आमच्याकडं लाईट गेली, तेव्हा घरातले सगळे मोबाईल मेले आणि हीच चालली. तक्रार एकच, उजेड पिवळा आणि मरतुकडा. आठवड्याआड पंपाच्या लाईटची पाळी रात्रीची. परवा उसाला पाणी पाजताना सरीत पायाखाली काहीतरी गोल, गार लागलं. घोणसच म्हणून बोंबललो. ठिबकची नळी होती! त्या उजेडात नळी आणि साप एकच दिसतात.

मग म्हटलं बल्ब तेवढा चांगला टाकावा. एवढंच! चंद्रावर जायचं नव्हतं.

सांगलीत पहिल्या दुकानात पोरगं हसलंच. ‘ही आता कोण वापरतंय? ही घ्या, चार्जिंगची.’ अरे बाबा, तसल्या तीन घरात मरून पडल्यात. आत 4 व्होल्टची सीलबंद शिशाची बॅटरी असते. पावसाळ्यात चार महिने चार्ज न करता कोपऱ्यात पडली की आतल्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि कारभार आटोपला. एलईडी पट्टीला चिकटवलेला, बॉडी फेविक्विकनं बंद केल्यासारखी. एक गोष्ट बिघडली की सगळी फेका. माझ्या आबांनी चाळीस वर्षांत फेकला तो फक्त जळका बल्ब.

दुसऱ्या दुकानात गल्ल्यावर बसलेल्या मालकानं ड्रॉवर उपसून एक बल्ब काढला. फुंकर मारली, बसवला. बसला. पेटवला तर आतली तार नुसती तांबडी, विझत आलेल्या विडीसारखी. घरी येऊन मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बल्बच्या गळ्यावरचं बारीक अक्षर वाचलं, 6 व्होल्ट! दोन सेल म्हणजे दीड अधिक दीड, 3 व्होल्ट. त्याला 2.5 व्होल्टचा बल्ब लागतो. हे चौथीतलं पोरगं सांगेल, आणि तीस वर्षं दुकान टाकून बसलेला माणूस म्हणतो, ‘बसतोय की!’ उलटंही होतं बरं का. दाजींनी त्यांच्या तीन सेलच्या बॅटरीत असाच ‘बसणारा’ 2.5 चा टाकला. एकदा पांढराफेक लखलखाट, आणि लगेच मिट्ट काळोख.

परत सांगली. परत एसटी. या खेपेला एलईडीचा. दिसायला जुन्या बल्बसारखाच, तीच पितळी कड, 80 रुपये. पाकिटावर पोपटाचं चित्र, व्होल्टेज नाही, प्लस-मायनस नाही, काही नाही. विचारलं, किती व्होल्टचा? उत्तर तुम्हाला ठाऊक आहेच.

घरी येऊन बसवला. पेटेना. चांगली अर्धी रात्र स्प्रिंग घासण्यात घालवली. मग डोक्यात आलं, जुन्या तारेच्या बल्बला करंट कुठनंही आला तरी चालतो, एलईडीला एकाच बाजूनं लागतो. सेल उलटे घातले, पेटला! मी जिंकलो म्हणून उड्या मारल्या. सकाळी आबांनी झाकण उघडलं, ‘कुणी गाढवानं सेल उलटं घातल्यात’ म्हणून सरळ केले. परत बंद. मी उलटे करतो, ते सरळ करतात. ‘अरं पण मी जन्मभर असंच घालतोय,’ म्हणतात. त्यांना काय सांगणार? चूक त्यांची नाहीच. चूक त्या पोपटवाल्याची, ज्याला पाकिटावर एक बाण छापता आला नाही.

बरं, पेटला तरी सुख आहे का? पांढऱ्या एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागतात. नव्या सेलवर झकास. चार रात्री वापरला, सेल सव्वा व्होल्टच्या आसपास उतरले, दोन्ही मिळून अडीच, की हा नुसता मिणमिणतो. त्याच सेलवर जुना पिवळा बल्ब अजून बऱ्यापैकी जळतो, लावून बघितलंय! आत छोटं सर्किट घालून कमी व्होल्टेज वाढवून घेणारे बल्बही असतात, असं एका रेडिओ दुरुस्तीवाल्यानं सांगितलं. पण ते आत आहे की नाही हे कळणार कुठनं? पोपट सांगणार?

आणि झोत! आतली चकचकीत वाटी जुन्या तारेसाठी केलेली. तार बरोबर मधल्या बिंदूवर, तिचा उजेड चारी बाजूंनी वाटीवर पडून सरळ लांब जायचा. पिवळा असेना, बांधाच्या पलीकडची नारळी दिसायची. एलईडी तोंड पुढं करून बसतो. निम्मा उजेड वाटीला शिवतच नाही. पायाशी दूध सांडल्यासारखं पांढरं, दहा पावलांवर काळं. मधे एक गोल काळा डाग, तो तर ग्रहणासारखा मी जाईन तिथं माझ्यापुढं चालतो.

पुतण्या म्हणतो, ‘काका, मोबाईलची बॅटरी लावा की.’ लाव की. एका हातात खोरं, दुसरा चिखलात, आणि मोबाईल काय दातात धरू? मागच्या साली एक पाटात गेलाय, त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

तिकीट, बल्ब, एक सेलचा जोड, सगळं धरून साडेतीनशेच्या वर गेले. ते पोरगं दाखवत होतं ती चार्जिंगची यापेक्षा स्वस्तात आली असती, हे बायकोनं दोनदा ऐकवलंय.

रात्री 10 ला लाईट येणार. खोरं घेतलं, बूट घातले, बॅटरीचा खटका दाबला. अंधार. सोप्यातनं आबांचा आवाज आला, ‘सेल नीट करून ठेवल्यात रं.’