मालक झालो आणि पगार गेला

२०२५ च्या एप्रिलमध्ये मी लॉ फर्ममध्ये पार्टनर झालो. आईने बिल्डिंगभर पेढे वाटले आणि १ मेला सवयीने विचारलं, "झाला का रे पगार?" नव्हता झाला. मालकाला पगार नसतो म्हणे, उचल असते, आणि तीही क्लायंटने बिलं भरली तर! उलट भांडवल म्हणून मलाच पैसे भरायला लागले, त्यासाठी एफडी मोडली, म्हणजे बारा वर्षं ज्यांच्याकडे नोकरी केली त्यांनाच पैसे देऊन वर पेढे पण आमचेच. दूधवाला आणि कामवाल्या मावशी यांना माझ्या बढतीचं काही पडलेलं नाही, त्यांची एक तारीख एक तारखेलाच येते.

तसा मी वकील. दिवसभर दुसऱ्यांच्या करारातली बारीक कलमं वाचतो, पण स्वतःच्या पार्टनरशिप डीडवर सही करताना फोटो नीट येतोय ना इतकंच बघितलं. डीडमध्ये चक्क 'पगार' लिहिलंय. सीए म्हणाला, साहेब तो शब्द विसरा, आयकरात हे धंद्याचं उत्पन्न. म्हणजे नोकरदारांना कंपनीकडून मिळणारा पगार-टॅक्सचा दाखला, फॉर्म १६ गेला, ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन गेलं, पीएफ गेला आणि आला धंदेवाल्यांचा रिटर्न फॉर्म, आयटीआर-३, जो स्क्रोल करता करता अंगठा दुखतो. नफ्यातल्या हिश्श्यावर टॅक्स नाही हे ऐकून मी जरा सावरून बसलो, तर कळलं की त्यावर फर्मने आधीच ३० टक्क्यांनी भरलेला असतो.

आणि मुहूर्त बघा, त्याच एप्रिलपासून कलम १९४टी लागू झालं, पार्टनरच्या मानधनातून १० टक्के टीडीएस, म्हणजे हातात यायच्या आधीच कापलेला टॅक्स. मी म्हटलं चला, सुटलो. पण माझा स्लॅब ३० चा, उरलेलं अ‍ॅडव्हान्स टॅक्समध्ये भरा: १५ जूनपर्यंत १५ टक्के, सप्टेंबरपर्यंत ४५, डिसेंबरपर्यंत ७५, मार्चमध्ये सगळं. जूनमध्येच मुलीच्या शाळेची फी आली आणि सरकार राहिलं. महिना १ टक्का व्याज, तीन महिन्यांचं. बरं, वर्षभरात किती मिळणार हे जूनमध्येच सांगायचं, जे मला काय, आमच्या सीनियर पार्टनरला पण मार्चपर्यंत कळत नाही.

शेवटी बायकोने कारभार हातात घेतला. ती बँकेत, तिचा पगार अजूनही पगारच आहे. माझी उचल आली की ती त्यातला एक हिस्सा वेगळ्या खात्यात टाकते, ज्याला घरात 'सरकार' म्हणतात. परवा मुलीने पिझ्झा मागितला तर मी म्हणालो, सरकारमधून घेऊ या का? दोघींनी असं बघितलं की जणू एस्क्रोतले, म्हणजे दुसऱ्याचे विश्वासाने तिऱ्हाइताकडे ठेवलेले पैसे मागितले.

आता एक तारखेला बायको मला खर्चायला पैसे देते आणि वहीत सही घेते. हे माझं उत्पन्न धरायचं का, असं मी गंमतीत सीएला विचारलं. तो हसला नाही. म्हणाला, "बघून सांगतो."