सदतीस पूर्णांक सात

बँकेतली ३५ वर्षांची नोकरी आटोपून मी चिपळूणजवळच्या आमच्या गावच्या घरी राहायला आलो, तेव्हा निवृत्त माणसाने स्वतःच्या हाताने काहीतरी केले पाहिजे असे माझे ठाम मत होते. त्या मतापायी गेल्या तीन वर्षांत आमच्या परसदारी एक न फिरणारा रहाट, उलट्या दिशेला उतार असलेली एक पन्हळ आणि ज्याचे दार फक्त आतून उघडते असे एक खुराडे, एवढी स्मारके उभी राहिली आहेत. दार आतून उघडते ही गोष्ट कोंबड्यांच्या लक्षात माझ्या आधी आली.

एप्रिलच्या अखेरीस आमची ठमी खुडूक झाली. अंगाची पिसे फुलवून ती कोपऱ्यात बसू लागली, जवळ गेलेल्याला घशातल्या घशात शिव्या देऊ लागली आणि अंडी काढून घेतली तरी रिकाम्या गवतावर, एकदा तर माझ्या रंध्याच्या मुठीवर, त्याच निष्ठेने बसून राहिली. शेजारच्या काकी कुंपणावरून म्हणाल्या, "भाऊ, बसवा तिला. दहा-बारा अंडी घाला खाली आणि विसरून जा." सल्ला उत्तमच होता, पण त्यातला 'विसरून जा' हा भाग मला लागला. ज्या कामात माझी गरजच नाही, ते काम माझ्या परसदारी व्हावे हे मला पटेना. शिवाय मला २४ पिल्ले हवी होती आणि ठमीच्या पंखांखाली फार तर डझनभर अंडी मावली असती. मी उबवणयंत्र बनवायचे ठरवले.

यंत्र येणार म्हटल्यावर ठमीचे खुडूकपण हा वेळेचा निव्वळ अपव्यय ठरत होता. गावात अशा कोंबडीला गार पाण्यात बुचकळतात, ते मला क्रूर वाटले. म्हणून मी तळाला जाळी असलेला एक पिंजरा तयार केला आणि तिला त्यात घालून आंब्याच्या फांदीला टांगले. खालून वारा लागून पोट गार राहिले की कोंबडीच्या डोक्यातले बसणे निघून जाते. चौथ्या दिवशी ठमी पूर्ण बरी होऊन इतरांबरोबर शेण उकरू लागली. माझ्या हातचा यशस्वी झालेला हा पहिला प्रकल्प, आणि त्याचाच मला पुढे सर्वांत जास्त पश्चात्ताप व्हायचा होता.

पेटीसाठी बाजारातून मासळीचे थर्मोकोलचे खोके आणले. ते मी तीनदा धुतले, तरी गल्लीतल्या मांजरांचे त्याविषयीचे मत बदलले नाही. खरी पंचाईत बल्बची झाली, कारण उष्णतेसाठी जुन्या पद्धतीचे ४० वॉटचे दोन पिवळे बल्ब हवे होते. दुकानदाराने ९ वॉटचा एलईडी पुढे केला आणि त्याचे गुण सांगायला सुरुवात केली : वीज कमी लागते, वर्षानुवर्षे टिकतो आणि मुख्य म्हणजे अजिबात तापत नाही. मला तापणाराच हवा आहे, उजेड नसला तरी चालेल, असे सांगितल्यावर त्याने माझ्याकडे जसे पाहिले तसे पूर्वी कर्ज मागायला येणाऱ्यांकडे मी पाहत असे. शेवटी फळीवरच्या धुळीतून दोन बल्ब निघाले. ते मी प्रथम एकामागे एक असे एकाच साखळीत जोडले, त्यामुळे दोघांत वीज वाटली जाऊन ते देव्हाऱ्यातल्या समईइतकेच पेटले. दोघांना स्वतंत्र तारा दिल्यावर पेटी तापली. जुन्या संगणकातला पंखा हवा खेळवायला बसवला आणि ठरलेल्या अंशावर बल्ब आपोआप बंद-चालू करणारे एक छोटे थर्मोस्टॅट लावले. त्याचा सेन्सर म्हणजे काळ्या वायरच्या टोकाला असलेली एक धातूची नळी.

पंखा असलेल्या पेटीत उष्णता ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सियस राहावी लागते. मी ३७.७ हा आकडा ठरवला आणि २१ दिवस त्या आकड्याचा गुलाम झालो. खात्रीसाठी पेटीत आणखी दोन थर्मामीटर ठेवले, तेव्हा तिघांनी तीन आकडे दाखवले. त्यांचा निवाडा करायला घरातला ताप मोजायचा थर्मामीटर आणला आणि तो खरा आहे की नाही हे पाहण्यासाठी सौ.चा ताप मोजला. तिला ताप नव्हता, पण पाचव्यांदा मोजल्यावर येईल असे दिसू लागले.

४ मे रोजी काकींकडची २४ गावठी अंडी पेटीत मांडली. प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला, कारण ती दिवसातून अनेकदा उलथावी लागतात. तसे केले नाही तर आतला गर्भ कवचाच्या पापुद्र्याला चिकटतो. उलथण्याची संख्या विषम ठेवायची असते, म्हणजे रात्रीचा लांब पल्ला रोज एकाच कुशीवर जात नाही. मी पाच वेळा ठरवल्या. हा मे महिना होता आणि आमच्या नात्यात चार लग्ने होती. "जावई का आले नाहीत?" या प्रश्नाला "ते अंडी उलथतायत" हे उत्तर माझ्या पत्नीने सासरच्या, म्हणजे माझ्या सासरच्या, भर मांडवात दिले. त्यानंतर तिकडून माझ्या तब्येतीची चौकशी करणारे फोन येऊ लागले.

आर्द्रतेसाठी मी पेटीत पाण्याची वाटीही ठेवली होती. वास्तविक कोकणातल्या मे महिन्यात हवेतच एवढे पाणी असते की वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी जास्त ओला होतो. अंड्याचे वजन २१ दिवसांत साधारण बारा-तेरा टक्क्यांनी घटावे लागते, तेव्हा कुठे त्याच्या रुंद टोकाची हवेची पोकळी पिल्लाला श्वास घेण्याइतकी वाढते. सातव्या रात्री मोबाइलचा टॉर्च अंड्याला लावून पाहिले, तर पोकळी वाटाण्याएवढीच. वाटी तातडीने बाहेर काढली. त्याच रात्री पाच अंडी कोरी निघाली. उरलेल्या १९ अंड्यांत मात्र लाल शिरांचे कोळ्याच्या जाळ्यासारखे नक्षीकाम आणि मध्ये हलणारा एक ठिपका दिसला. मला नातवंडे आहेत, पण एवढा वेळ मी त्यांच्याकडेही टक लावून पाहिलेले नाही.

या दिवसांत मी पत्नीला बरीच माहिती पुरवली. इजिप्तमध्ये थर्मामीटरचा शोध लागण्याच्या शेकडो वर्षे आधी मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी एका वेळी उबवत आणि तिथले कारागीर अंडे मिटलेल्या पापणीला टेकवून उष्णता जोखत. फ्रान्सच्या रेओम्यूर या शास्त्रज्ञाने तर १७४९ साली घोड्याच्या लिदीच्या उबेवर अंडी उबवण्याची रीत लिहून प्रसिद्ध केली. ती हे सारे शांतपणे ऐकत असे. ती ते लक्षातही ठेवत होती, हे मला २२ मेच्या रात्री कळले.

त्या दिवशी, म्हणजे अठराव्या दिवशी, संध्याकाळी वळीव आला आणि पहिल्याच गडगडाटात वीज गेली. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायचे काम माझ्या यादीत दीड महिना होते, त्यामुळे तो पाऊण तासात मिटला. पेटी ३५ अंशांवर उतरली. मी धावत खुराड्याशी गेलो, निजलेल्या ठमीला उचलून आणले आणि तिच्यापुढे अंडी मांडून तिची अक्षरशः मनधरणी केली. तिने एका अंड्यावरच्या फुलीकडे मान वाकडी करून पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि काळोखात पाय झटकत निघून गेली. माझ्या उपचारात काहीही कसर राहिलेली नव्हती.

"तुमच्या त्या फ्रेंच माणसाचं काय? आपला शेणखताचा खड्डा आहे की," पत्नी म्हणाली. खड्ड्यावर धो धो पाऊस पडत होता. मग तिनेच चुलीवर पाणी तापवले, तिची गुडघे शेकायची रबरी पिशवी आणि तीन तांबे भरले आणि ते पंचात गुंडाळून अंड्यांच्या चहूबाजूंनी ठेवले. मी वरून जाड गोधडी घट्ट दाबून बसवली. तेव्हा आत जीव आहेत आणि त्यांना श्वास लागतो, हे तिने मला वेगळ्या शब्दांत सांगून एक कोपरा उघडा ठेवला. शेवटच्या दिवसांत पिल्लू स्वतःही थोडी ऊब निर्माण करते, हाच काय तो आधार होता. तीन थर्मामीटरांचे अजूनही एकमत नव्हते, म्हणून रात्रभर आम्ही दोघे आळीपाळीने पापणीला अंडे लावत होतो. पहाटे दोनला काकी कंदील घेऊन डोकावल्या, त्यांनी आम्हाला डोळे मिटून कपाळाशी अंडी धरून बसलेले पाहिले आणि कुणावर उतरवताय एवढेच विचारले.

वीज सकाळी नऊला आली. एकविसाव्या दिवशी दुपारी एका अंड्याला पहिला टवका उडाला आणि कवचातून चिवचिव ऐकू आली. टवका पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला कित्येक तास, कधी अख्खा दिवसही लागतो आणि तेवढ्यात झाकण उघडले तर ओल निघून जाऊन आतला पापुद्रा पिल्लाभोवती सुकतो. काढून घेतलेली पाण्याची वाटी मी या दिवसांसाठी परत ठेवली होतीच. मला काही करता येण्यासारखे उरले नव्हते आणि ती अवस्था मला कधीच मानवत नाही. पत्नी पेटीवर हात ठेवून बसली होती, माझ्यापासून संरक्षण म्हणून. बाविसाव्या दिवशी सकाळपर्यंत ९ पिल्ले निघाली. दहा अंडी निघालीच नाहीत. त्यांच्याबद्दल त्या दिवशी आम्ही दोघेही बोललो नाही.

आता ती पिल्ले महिन्याची झाली आहेत आणि माझ्या चपलांमागे रांगेने हिंडतात. जूनच्या अखेरीस ठमी पुन्हा खुडूक झाली. या वेळी तिने पडवीत ठेवलेल्या रिकाम्या पेटीचे झाकण ढकलून आतच बैठक मारली. मी बल्ब काढून घेतले, काकींकडून दहा अंडी आणून तिच्या खाली सरकवली आणि त्यांच्यामध्ये हळूच सेन्सर ठेवला, कारण विसरून जाणे मला याही वेळी जमणार नव्हते. पत्नी म्हणते की वायर काढून टाका, तिला टोचत असेल. तिला ती टोचत नाही. अंडी उलथता उलथता ती चोचीने सेन्सरही उलथते आणि पोटाखाली ओढून घेते. मी दिवसातून पाच वेळा पडवीत जातो आणि पडद्यावर ३७.७ वाचून परत येतो.