अडलंय ते हमीच्या कलमावर

सायप्रसचे ग्रीक दक्षिण आणि तुर्की उत्तर भाग पुन्हा जोडण्याची चर्चा तुर्कस्तानच्या ‘दोन वेगळी राष्ट्रं’ या हट्टामुळे अडली, हे लेखातलं म्हणणं अर्धंच खरं. हा हट्ट २०२० नंतरचा. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडच्या क्राँ-मोंतानाला बोलणी संघराज्यावरच चालली होती. फिसकटली बेटावरचं तुर्की सैन्य आणि बाहेरच्या देशांची हमी यांवर. सायप्रसच्या स्वातंत्र्याची हमी देणाऱ्या १९६० च्या कराराचं चौथं कलम ग्रीस, तुर्कस्तान, ब्रिटन यांना एकट्याने कारवाईची मुभा देतं, असा अंकाराचा अर्थ. १९७४ ला बेटावर सैन्य उतरवताना तुर्कस्तानने तेच पुढे केलं. आणि २००४ चं सार्वमत लेखातून गळलंच कसं? बेट पुन्हा जोडण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या अन्नान योजनेला तुर्की सायप्रियटांचा ६५ टक्के होकार, ग्रीक बाजूचा ७६ टक्के नकार. तरी आठवड्याभरात सायप्रस युरोपीय संघात दाखल. उत्तरेत मात्र संघाचे कायदे स्थगित. ग्रीक बाजूवर दबाव टाकायचं संघाचं हत्यार तिथेच हातचं गेलं.