लोह, न्यूरोमेलॅनिन आणि कंपवात: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

कंपवातावरील (पार्किन्सन आजारावरील) माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. रुग्णांच्या मेंदूत लोह साठते असे सांगून मी आहाराविषयी मात्र काहीच लिहिले नाही, हा पहिला. आणि मेंदूतील न्यूरोमेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याला एकदा ‘रक्षक’ व एकदा ‘घातक’ म्हटले, हा दुसरा. लेख वाचून आपल्या आईंची लोहाची गोळी बंद झाली आणि भाकरीचा लोखंडी तवाही माळ्यावर गेला, हे वाचून मी फार अस्वस्थ झालो. म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. रक्तातले लोह मेंदूत आपोआप झिरपत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ओलांडायला त्याला ठरावीक वाहक प्रथिनांची गरज लागते. त्यामुळे मेंदूतल्या, या आजारात पेशी मरतात त्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागात लोह वाढलेले असताना त्याच माणसाच्या अंगात रक्त कमी असू शकते. शिवाय डोपामिन हे हालचालींसाठी लागणारे, या आजारात कमी पडणारे मेंदूतील रसायन तयार करणाऱ्या विकराला लोह लागतेच. लोह काढून टाकण्याचा प्रयोगही झालेला आहे. नुकतेच निदान झालेल्या, लेव्होडोपा हे या आजारावरचे मुख्य औषध कधीच न घेतलेल्या ३७२ रुग्णांवर, थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारात अंगातले जादा लोह काढायला वापरले जाणारे डेफेरिप्रोन हे औषध ३६ आठवडे तपासले गेले आणि निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदूतले लोह घटले, पण लक्षणांचा गुणांक औषध घेणाऱ्यांत सरासरी १५.६ ने, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत ६.३ ने वाढला. हा गुणांक जितका जास्त, तितका आजार बळावलेला. एवढ्या नेमकेपणाने लोह काढूनही जिथे रुग्णांचा त्रास वाढला, तिथे पालेभाजी आणि तवा सोडून काय साधणार?

गोळीबाबत एक पथ्य मात्र खरे आहे. लोह आणि लेव्होडोपा पोटात एकमेकांना बांधून घेतात व लेव्होडोपा कमी शोषला जातो, म्हणून दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे लागते. आपल्या सोलापूरकडच्या कडक भाकरीची काळजी करायचीच, तर ती गिळण्याची करावी. या आजारात गिळणे मंदावते, तेव्हा ती आमटीत नीट भिजवून, कुस्करून द्यावी.

आता रंगद्रव्याविषयी. न्यूरोमेलॅनिन जन्मतः जवळजवळ नसते. पेशीतल्या जादा डोपामिनचे ऑक्सिडीकरण होऊन ते वयानुसार साठत जाते. त्वचेच्या रंगाशी त्याचे नाते नाही; ज्यांच्या त्वचेत जन्मतः रंगद्रव्य नसते, त्यांच्याही मेंदूत ते आढळते. पेशी जिवंत असेपर्यंत ते मोकळे लोह धरून ठेवते, आणि मोकळे लोहच पेशीला जाळणारी रसायने घडवते, या अर्थाने ते रक्षक. पेशी मेली की तेच द्रव्य बाहेर सांडते, भोवतालच्या रोगप्रतिकारक पेशी चवताळतात आणि दाह शेजारच्या पेशींपर्यंत पोहोचतो, या अर्थाने ते घातक. सबस्टॅन्शिया नायग्रातील काळ्या पेशी कंपवातात नष्ट झाल्याचे संशोधक त्रेत्याकॉफ यांनी १९१९ मध्ये पॅरिसमध्ये दाखवले होते. ज्या पेशींत रंगद्रव्य अधिक, त्याच अधिक मरतात, हे १९८८ मध्ये नोंदवले गेले. तेव्हा दोन्ही शब्द खरे आहेत, पण पेशीच्या वेगवेगळ्या अवस्थांना लागू पडणारे, आणि हा भेद मी लेखात स्पष्ट करायला हवा होता.

मूळ लेखात ही दुरुस्ती आजच केली आहे. आईंची गोळी कृपया उद्याच त्यांच्या डॉक्टरांना विचारून, वेळेचे अंतर ठरवून, पुन्हा सुरू करावी.