शून्य तक्रारींचं कॉलेज कसं चालवावं

नव्यानं प्राचार्य झालात, किंवा संस्थेच्या कार्यकारिणीवर आलात, की वर्षाअखेरीला एक कागद तुमच्या टेबलावर येईल. लैंगिक छळाच्या तक्रारी किती आल्या, किती निकालात काढल्या, किती शिल्लक. तिन्ही रकान्यांत शून्य घालायचं, सही ठोकायची आणि वर पाठवून द्यायचं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, कुठंही चौकशी करा, या शून्यावर हात बसलेली माणसं तुम्हाला भेटतील.

पण शून्य काही आपोआप येत नाही. त्यामागं मेहनत असते आणि ती मी नुकतीच जवळून पाहून आले. आमच्या गल्लीतली एक पोरगी, डिग्रीच्या शेवटच्या वर्षाची, कॉलेजात तक्रार द्यायला निघाली. आईचे हातपाय गळाले, म्हणून सोबत मी गेले. तिथं जे कौशल्य बघितलं ते एकटीपाशी ठेवणं बरं नव्हे. ज्यांना उपयोग आहे त्यांनी उतरवून घ्यावं.

या तक्रारी ऐकायला समिती नेमाच. कामाच्या जागी बायकांचा छळ रोखणारा 2013 चा कायदा आहे, न नेमल्यास 50 हजार दंड आहे, उगाच का भरा? यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 2015 चे नियम तर फारच खोलात जातात. अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक हव्यात, दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर, संस्थेबाहेरची एक जाणकार व्यक्ती, विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी, आणि एकूण निम्म्या तरी बायका. विभागप्रमुख, रजिस्ट्रार असल्या अधिकारपदावरच्या माणसांनी समितीत बसायचंच नाही म्हणे. ठीक आहे, बसवू नका. त्यांची खुर्ची दाराबाहेर ठेवा आणि दार उघडं ठेवा. विद्यार्थी निवडायचे तर निवडणुकीत दंगा होतो, तेव्हा स्नेहसंमेलनात हार-तुरे आणणारे तिघं घ्या.

अध्यक्ष म्हणून अशा मॅडम बघा ज्यांची बढतीची फाईल तुमच्याकडं अडकलेली आहे.

फलक ठळक जागी लावावा असं कायदा म्हणतो. जिन्याखाली, जनरेटरच्या मागं, जिथं दुचाकी लावतात तिथं पुष्कळ ठळक जागा असते. त्यावर मागच्या अध्यक्षांचा नंबर असू द्या, ज्या बदली होऊन गेल्या. आम्ही तो लावून पाहिला. कुठल्याशा हार्डवेअरच्या दुकानात लागला. दुकानदार बिचारा सज्जन, म्हणाला रोज कुणीतरी करतंय बाई. (म्हणजे रोज कुणीतरी तक्रार करू बघतंय, हे त्या दुकानदाराला ठाऊक, संस्थेला नाही.) बाजारातल्या पाटीवर नियमाप्रमाणे साठ टक्के कन्नड आहे का, हे बघायला इथं किती डोळे टपलेले असतात. या पाटीवरचा फोन लागतो का, हे बघायला आजवर कुणी आलेलं नाही. कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकची टीम येणार असेल तेवढे दोन दिवस फलक मेन गेटपाशी आणा, ऑइलपेंट मारा, परत जिन्याखाली ठेवा.

आठ मार्चला रांगोळी स्पर्धा घ्या, विषय ‘स्त्रीशक्ती’.

आता मुख्य कसब. तक्रार आलीच तर तिचा कागद होऊ द्यायचा नाही. पोरगी तोंडानं काय वाटेल ते बोलो, शिक्का बसला नाही तर काही घडलेलंच नाही. आम्ही गेलो तेव्हा ऑफिसात पहिलं वाक्य ऐकलं, ‘साहेब्र इल्ल री, नाळे बर्री.’ म्हणजे साहेब नाहीत, उद्या या. उद्या गेलो तर साहेब मीटिंगला. मग साहेब धारवाडला. मग साहेब सापडले, पण आवक-जावक बघणारा क्लार्क सुट्टीवर. तो आला तर म्हणाला, अर्ज मराठीत आहे, घेता येत नाही, कन्नडमध्ये लिहून आणा, नाही तर इंग्लिशमध्ये. इंग्लिशमध्ये लिहून नेला तर म्हणाला, असा थेट देता येत नाही, थ्रू प्रॉपर चॅनेल द्या, विभागप्रमुखांची सही आणा. त्याच विभागातल्या सरांविरुद्ध अर्ज आहे हो! जे सर रात्री अकरानंतर मेसेज टाकतात, जे ‘रेकॉर्ड तपासायला एकटी ये’ म्हणतात, आणि ज्यांच्या हातात तिचे इंटर्नलचे मार्क आहेत, ते त्याच खोलीत शेजारच्या टेबलाला बसतात. तिथं जाऊन सही मागायची.

आणि हे सगळं चालू असताना क्लार्कनं अर्ज हातात धरून वाचला. मोठ्यानं. फी भरायला आलेली पोरं रांगेत उभी, शिपाई चहा घेऊन आलेला, सगळ्यांनी ऐकला. कायद्यात सोळावं कलम आहे, तक्रारदाराचं नाव, मजकूर, काहीही बाहेर फुटता कामा नये. आम्ही सीबीटी बसस्टँडवर पोचून बस बघतोय तोवर तिच्या बापाला कुण्या पाहुण्याचा फोन आलेला. ‘पोरीला सांभाळा.’ पोरीला! मी इतकी वर्षं शाळेत शिकवलं, हजेरीत एक नाव चुकलं तरी वरून विचारणा व्हायची. इथं एक माणूस एका पोरीची अब्रू रांगेत उभ्या असलेल्यांना वाचून दाखवतो आणि वर विचारतो, ‘प्रूफ काय आहे, व्हिडिओ हाय काय?’ मेसेज दाखवले. तर म्हणे, हे ‘गुड नाइट’च तर आहे की वो. एकवीसदा ‘गुड नाइट’ कोण कुणाला म्हणतं, बायकोला तरी म्हणतो काय हा?

असो. उपदेश द्यायला बसले होते.

‘उद्या या’ हे का म्हणायचं तेही समजून घ्या, ते आळसापोटी नसतं. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण हे पोरींना कोण सांगतंय? तीन महिने म्हणजे एक सेमिस्टरसुद्धा धड नाही. त्यात गणपती, दसरा, दिवाळी. मग डिसेंबरला बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन, सगळी यंत्रणा बंदोबस्तात. पोरीला खेपा परवडत नाहीत ही सबबही आता राहिली नाही. 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना बस फुकट आहे. आधार दाखवा, शून्याचं तिकीट घ्या आणि या की रोज. सरकारनं सोय केलीय, तुम्ही फक्त बोलवत राहा.

मुलींच्या हॉस्टेलचं गेट संध्याकाळी लवकर बंद करा आणि मुलांना लायब्ररीत रात्रीपर्यंत बसू द्या. कुणी विचारलं तर ‘सुरक्षितता’ म्हणा. यूजीसीच्या त्याच नियमांत स्पष्ट लिहिलंय की मुलींच्या सुरक्षिततेचं कारण सांगून हॉस्टेलात त्यांच्यासाठी वेगळे नियम लावू नयेत. पण ते वाचतो कोण. मेसेज करणारे सर रात्री बाहेर असतात, पोरी आत असतात, झालं सुरक्षित.

यातूनही प्रकरण पुढं गेलं तर मिटवा. मिटवण्याला फार मोठी परंपरा आहे. बाईनं स्वतः मागितला तरच समेट घडवता येतो आणि तोही पैशावर करता येत नाही, अशी कायद्याची भानगड आहे, म्हणून पैशाचं नाव काढू नका. कुंद्याचा डबा घेऊन घरी जा. सोबत समाजातला एक वजनदार माणूस घ्या. आमच्याकडं आले होते. मला आधी वाटलं, मराठी अर्ज नाकारला म्हणून चिडून आलेत. का वाटू नये? एका बसच्या पाटीसाठी रस्त्यावर उतरणारा माणूस, 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काळी फीत बांधून सगळ्यात पुढं असणारा. मी म्हटलं, ‘अण्णा, बघा, मराठीत लिहिलेला अर्ज घेत नाहीत.’ चेहरा लाल झाला त्यांचा. मग त्यांनी अर्ज वाचला. कोणाविरुद्ध आहे ते वाचलं. आणि आवाज एकदम खाली आला.

‘जाऊ द्या की, बाई. सर आपलेच आहेत. आधीच इथं मराठी माणसं नोकरीत किती राहिलीत? हे गेले तर त्या जागेवर कोण येईल, तुम्हीच सांगा.’

ऐकून घ्या, प्राचार्य महोदय, हा उपाय सोन्याचा आहे. 1956 पासून या जिल्ह्यात दोन भाषांच्या माणसांचं एका गोष्टीवर एकमत होईना. सीमाप्रश्नावर आयोग झाला, सुप्रीम कोर्टात दावा पडून आहे. आणि या एका पोरीच्या अर्जावर ऑफिसातला कन्नड क्लार्क आणि आमचे सीमालढ्यातले अण्णा शब्दशः एकच बोलले. ‘पोरीच्या लग्नाचं बघा.’ तिकडं कित्तूर उत्सवात राणी चन्नम्मावर भाषण करायचं, इकडं शिवजयंतीच्या चित्ररथावर हीच पोरगी जिजाऊ म्हणून उभी करायची, तेव्हा तिच्या नजरेतलं तेज चालतं. ऑफिसच्या खिडकीपाशी तेच तेज आलं की ‘फार आगाऊ आहे’.

चौकशी सुरू झालीच तर दोन वाटा आहेत. एक, लांबवा, चौकशी 90 दिवसांत संपवायची हे नियमातच राहू द्या. दुसरी वाट अधिक हुशारीची, ती चोर्ल्याचा घाट उतरला की शिकायला मिळते. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाविरुद्धच्या 2009 च्या तक्रारी घ्या. समितीनं शेवटी इतकी घाई केली, समोरच्याला बाजू मांडायला पुरेशी संधीच दिली नाही, की 2023 च्या मेमध्ये सुप्रीम कोर्टानं बडतर्फी रद्द केली आणि चौकशी मागच्या टप्प्यापासून पुन्हा घ्यायला सांगितली. चौदा वर्षं! कोर्टानं तेव्हा देशभर समित्या आहेत का, हे तपासायलाही सांगितलं. म्हणजे अडाणी समिती नेमली की मुद्दाम काही करावं लागत नाही. तिला प्रशिक्षण देऊ नका एवढंच.

पुरे झालं. मला आता हे हसत लिहिता येत नाही.

कामाच्या जागच्या छळावर नियम घालून देणारा सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल 1997 चा आहे, ही पोरगी तेव्हा जन्मली नव्हती. तेव्हापासून सगळं लिहून ठेवलेलं आहे आणि तुम्हाला ते वाचायला वेळ नाही? लेखी तक्रार देता येत नसेल तर ती लिहायला मदत करणं हे समितीच्या अध्यक्षांचं काम आहे, कायद्यातलं काम आहे, उपकार नव्हेत. तुम्ही तिला भाषा बदलून आणायला लावता? विभागप्रमुखाची सही कुठल्या नियमात आहे, दाखवा. तक्रार आली की सात दिवसांत तिची प्रत समोरच्याला जायला हवी, त्यानं दहा दिवसांत उत्तर द्यायला हवं. त्यालाही त्याची बाजू मांडू द्या, नीट मांडू द्या, आम्ही कुठं नको म्हणतोय? पण त्यासाठी आधी कागद घ्यावा लागतो. आणि आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे पोरगी खोटारडी ठरत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. ‘खोटी निघाली तर तुझ्यावरच कारवाई’ असं तिला खिडकीतून धमकावणाऱ्यानं एकदा चौदावं कलम पुरतं वाचावं.

आणि अण्णा, तुम्ही. मराठी पोरीचा मराठी अर्ज हातात धरून तुम्ही मराठी माणसाची नोकरी मोजलीत. उद्या मोर्चाला या म्हणून आमच्या दारात येऊ नका.

पोरींनो, अर्ज ई-मेलनं समितीच्या अध्यक्षांना पाठवा, प्रत प्राचार्यांना. स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा. मेसेज पुसू नका. तक्रार संस्थेच्या प्रमुखाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, डीसी ऑफिसात, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीत, विचारा. पोलिसात जायचं तर लैंगिक छळासाठी भारतीय न्याय संहितेचं 75 वं कलम आहे, पाठलाग आणि मेसेजचा पिच्छा असेल तर 78 वं. कॉलेजची परवानगी लागत नाही.

आमचा अर्ज स्पीड पोस्टानं गेलाय. पावती माझ्याकडं आहे. चौकशी चालू असताना त्या माणसानं तिचा पेपर, रेकॉर्ड, व्हायवा काहीही तपासायचं नाही, असा आदेश समिती मागू शकते, तोही अर्जात मागितलाय. प्रॅक्टिकल परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. तिचे इंटर्नल कोण देणार आहे, ते लेखी कळवा.