ताटाची डावी बाजू

आमच्या सासूबाईंच्या मते जेवणाची सुरुवात वरणभाताने होते, शेवट ताकभाताने होतो आणि मधल्या वेळात जे काही पोटात जाते त्याला तोंडीलावणे म्हणतात. अशा घरात भात, पोळी, बटाटा आणि साखर बंद करून वजन उतरवण्याचा संकल्प मी सोडला, तेव्हा पहिला प्रश्न अर्थातच त्यांच्याकडून आला. “अगं, मग तू जेवणार काय?” डॉक्टरांनी दिलेल्या छापील कागदावर याचे उत्तर होते, पण ते पनीर, अंडी, ब्रोकोली आणि अॅव्होकॅडो अशा शब्दांत होते, आणि त्यातला शेवटचा शब्द त्यांना वाचून दाखवण्याचे धैर्य मला झाले नाही.

हे कालपरवाचे खूळ नव्हे, हे पटवण्यासाठी मी त्यांना विल्यम बँटिंगची कथा सांगितली. लंडनमध्ये अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा हा गृहस्थ इतका स्थूल झाला होता की त्याला बुटाची नाडी बांधता येत नसे आणि जिना उतरायचा तर उलट्या पावलांनी उतरावे लागे. ऐकू कमी येते म्हणून तो हार्वे नावाच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेला, तर त्यांनी त्याला पाव, साखर, बटाटे आणि बिअर सोडायला सांगितले. सुमारे वर्षभरात त्याचे वजन जवळपास 21 किलोंनी उतरले आणि 1863 साली त्याने ही हकिगत स्वखर्चाने छापून लोकांना वाटली. सासूबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “म्हणजे आता मयताची सोय करणाऱ्याला विचारून जेवायचं का?” इतिहासाचा आधार घेण्याचा प्रयत्न मी तिथेच थांबवला.

पहिल्या आठवड्यात वजनकाटा इतक्या उदारपणे खाली आला की घरातल्यांचा माझ्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला. यातले शास्त्र मला ठाऊक होते, पण ते मी कोणाला सांगितले नाही. यकृतात आणि स्नायूंत शरीर ग्लायकोजेनच्या रूपाने साखरेचा साठा ठेवते, आणि या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी अडकून असते. कर्बोदके बंद झाली की आधी हा साठा संपतो आणि पाणी निघून जाते. चरबी त्या काळात बहुतांशी जागच्या जागी असते. पाण्याबरोबर मीठही जात असल्याने डोके दुखते, पायांत गोळे येतात आणि माणूस विनाकारण घरातल्यांवर खेकसतो. त्यावर डॉक्टरांनी सांगितलेला उपाय म्हणजे मीठ घातलेले लिंबूपाणी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी मात्र हा प्रयोग डॉक्टरांना न विचारता करू नये, कारण साखर एकाएकी फार खाली येऊ शकते. हे वाक्य त्यांनी मला दोनदा ऐकवले होते, म्हणून मीही इथे एकदा ऐकवून ठेवते.

खरा धक्का बसला तो आकड्यांनी. माझे माहेर कोल्हापूरचे, त्यामुळे भात गेला तरी ज्वारीची भाकरी आपल्याला तारून नेईल, असा माझा भरवसा होता. पण तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी आणि पोहे या सगळ्यांत दर 100 ग्रॅममागे 60 ते 80 ग्रॅम कर्बोदकेच असतात, एवढेच की भाकरीत तंतू अधिक. सगळ्यांवर कडी केली आहे ती साबुदाण्याने. त्यात कर्बोदकांचे प्रमाण 85 टक्क्यांच्या वर जाते. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या एका कंदाचे हे पिठूळ मोती आपल्याकडे उपवासाला पवित्र कसे ठरले, हे पांडुरंगच जाणे. आषाढी एकादशीला खिचडी, रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी आणि वरईचे तांदूळ असा फराळ घरात सजला, तेव्हा त्या ताटातले मला चालण्यासारखे पदार्थ म्हणजे दाण्याची आमटी आणि काकडीची कोशिंबीर एवढेच निघाले. बाकी घर उपवास करून सुस्तावले आणि उपवास खऱ्या अर्थाने मला घडला. पुण्य कोणाच्या खात्यावर जमा झाले असावे, याविषयी सासूबाईंचे आणि माझे आजही एकमत नाही.

अॅव्होकॅडोच्या नादी न लागता मी ताटाकडे नीट पाहू लागले आणि माझ्या लक्षात आले की आपल्या ताटाच्या डाव्या बाजूला जे वाढतात ते जवळपास सगळे मला चालणारे आहे. कारळ्याची चटणी, जवसाची चटणी, लसूण घालून कुटलेली सोलापुरी शेंगाचटणी, दोडक्याच्या शिरांची चटणी, काकडीची खमंग कोशिंबीर, दह्यातले भरीत. शेजारी भरली वांगी, पडवळ, पालेभाज्या. वर्षानुवर्षे ज्यांना आपण चमच्याच्या टोकाने वाढत आलो, ती मंडळी आता ताटाच्या मध्यभागी येऊन बसली. अडचण एकच होती, आणि ती मोठी होती. हे सगळे पदार्थ भाताचा आणि भाकरीचा आधार गृहीत धरून केलेले असतात. आमच्याकडचा खर्डा भाकरीशिवाय खाणे म्हणजे दातखिळी बसवून घेणे. मग मी भाज्यांतले मीठ-तिखट निम्म्यावर आणले, फोडी मोठ्या ठेवल्या, शेंगदाण्याचे आणि तिळाचे कूट वाढवले, वरून खोबरे पेरले. मेथीची भाजी वाटीभर खायची असेल तर ती वेगळ्या हाताने करावी लागते, हे मला आयुष्यात प्रथमच कळले, आणि खरे सांगायचे तर पोळीच्या पदरात न गुंडाळता मेथीची चव इतकी निवांतपणे मी कधी घेतली नव्हती.

माहेरी गेल्यावर तर माझी चैनच झाली. पांढऱ्या रश्श्यात मटणाचे सूप, नारळाचे दूध, तीळ, खसखस आणि काजू यांखेरीज फारसे काही नसते, आणि त्यातल्या काजूंकडे मी सोयीस्कर दुर्लक्ष केले. वाटीमागून वाटी रस्सा पिताना पाहून दादाने वहिनीला हळूच विचारले, “हिला सासरी उपाशी ठेवतात का गं?” तांबड्या रश्श्याला मात्र भाकरी हवीच, असे मी आजही अत्यंत दुःखाने नमूद करते.

नकली पदार्थांचा मार्ग मी एकदाच चोखाळला. बदामाच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसल्याने त्याची पोळी पोळपाटावरच तीन प्रांतांत विभागली गेली, आणि पिठाची किंमत आठवून मी ते तिन्ही प्रांत निमूटपणे खाल्ले. फ्लॉवर किसून केलेल्या भाताचा वास जिन्यापर्यंत पोहोचला. सासूबाईंनी नाकाला पदर लावून एवढेच सांगितले, “खा तू, पण याला भात म्हणू नकोस.” त्यांच्या आयुष्यभराच्या निष्ठेचा मान राखून मी त्या पदार्थाला पुन्हा घरात आणले नाही. खारे शेंगदाणे हा दुसरा सापळा. त्यांच्यात कर्बोदके कमी असतात, या आनंदात माणूस डबा मांडीवर घेऊन बसतो आणि 100 ग्रॅममागे साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात, हे डबा रिकामा झाल्यावर आठवते.

या सगळ्यात सर्वांत अवघड वेळ रोज सकाळची. घरातल्या बाकीच्यांच्या पोळ्या मलाच कराव्या लागतात. तव्यावर पोळी टम्म फुगते, तिच्यातून वाफ सुटते, वर तूप पडते, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या डब्यात जाते. विश्वामित्राला निदान एकच मेनका होती. माझ्यासमोर रोज वीस-बावीस फुगत असतात.

काही महिन्यांत सहा-सात किलो वजन उतरले, जुने ब्लाउज अंगाला येऊ लागले आणि काठावर असलेली साखरही खाली आली. एका लग्नात मावशींनी माझा हात धरून काळजीने विचारले, “बरं नव्हतं का गं मध्ये?” दिवसातून दोनदाच जेवणाऱ्या, दीक्षितांच्या पद्धतीवर अढळ श्रद्धा असलेल्या शेजारच्या काकांनी पंगतीतच मला पंथ बदलण्याचे आवाहन केले आणि ते करता करता जिलेबी दुसऱ्यांदा मागून घेतली, कारण त्यांच्या हिशेबाने त्यांचे जेवण अजून संपलेले नव्हते.

घरात आता एक तह झाला आहे. होळीची पुरणपोळी आणि गणपतीतले उकडीचे मोदक सासूबाईंच्या बाजूला, बाकीचे दिवस माझ्या बाजूला, असे ठरले होते. त्यानंतर त्यांनी नारळी पौर्णिमेचा भात हक्काने आत घेतला, कारण त्यांचे माहेर कोकणातले, आणि संक्रांतीची गुळाची पोळी मी स्वतःच सुचवली. सध्या बोलणी चंपाषष्ठीवर अडली आहेत. खंडोबाला वांग्याच्या भरिताचा आणि बाजरीच्या रोडग्याचा नैवेद्य असतो; भरीत मला चालते, रोडगा चालत नाही. नैवेद्य असा निवडून खाता येत नाही, तो पानात येईल तसा घ्यायचा असतो, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. त्यावर रोडग्याचा अगदी लहान तुकडा घेण्यास मी तयारी दाखवली, तेव्हा लहान म्हणजे केवढा, हे त्यांनी हाताने दाखवले. तो आमचा नेहमीचा पोळीचा डबा सहज झाकेल एवढा होता.