‘दहा वर्षांची लस अकरा महिन्यांत कशी?’ या संदेशाला उत्तर

मुलांच्या लसीकरणाची मोहीम जाहीर झाली की एक जुना संदेश घराघरांतल्या व्हॉट्सॲप गटांवर पुन्हा फिरायला लागतो. त्याचा गाभा असा: लस बनायला दहा वर्षं लागतात, करोनाची अकरा महिन्यांत आली. म्हणजे एकतर चाचण्या गाळल्या, नाहीतर लस आधीच तयार होती. दुष्परिणाम लपवले, ते शेवटी कंपनीने कोर्टात कबूल केले. आणि आता पुढच्या साथीला ‘शंभर दिवसांत लस’ आणणार, म्हणजे पुन्हा प्रयोग आपल्यावरच.

यातला पहिला प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याला जास्त जागा देतो.

‘लस बनायला दहा वर्षं लागतात’

असा काही नियम नाही. अमेरिकी लसशास्त्रज्ञ मॉरिस हिलमन यांनी १९६३ मध्ये स्वतःच्या आजारी मुलीच्या घशातून गालगुंडाचा विषाणू मिळवला आणि १९६७ मध्ये त्या लसीला परवाना मिळाला. आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या. जीवाणूशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन प्लेगच्या साथीत ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात कामाला लागले आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतःची लस स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. तीन महिने! पुढे भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांना ती दिली गेली. कैद्यांवर अशी चाचणी आज कुणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. उलट एचआयव्हीचा विषाणू सापडून चाळीस वर्षं उलटली, तरी लस नाही. रोगजंतू किती अवघड आहे, यावर बरंच काही ठरतं.

बाकीचा वेळ जातो तो बहुतेक वाट पाहण्यात. इबोला या जीवघेण्या तापावरची लस बघा. विनिपेगच्या सरकारी प्रयोगशाळेत कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी ती बनवली, २००५ पर्यंत माकडांवर ती उत्तम ठरली होती. पण इबोला गरीब देशांतल्या खेड्यांत यायचा आणि जायचा. त्या लसीत पैसा घालायला कुणी पुढे आलं नाही आणि ती तशीच पडून राहिली. मग २०१४ ते २०१६ या काळात पश्चिम आफ्रिकेत अठ्ठावीस हजारांहून जास्त लोकांना इबोला झाला, अकरा हजारांहून जास्त माणसं गेली. साथ ओसरत असताना, २०१५ मध्ये, गिनीमध्ये रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना ती लस देऊन पाहिली. ज्यांना लगेच टोचली, त्यांच्यात दहा दिवसांनंतर एकही नवा रुग्ण निघाला नाही. मधली जवळपास दहा वर्षं तिची कसून तपासणी चालली होती असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं. त्या वर्षांनी लस अधिक सुरक्षित झाली नाही. फक्त माणसं मेली.

‘चाचण्या गाळल्या’

एरवी चाचणीचा एक टप्पा संपतो, अहवाल लिहिला जातो, पुढच्या टप्प्यासाठी पैसे शोधले जातात, परवानगीच्या फाइली रांगेत पडतात. करोनात सरकारांनी पैसे आधी दिले, टप्पे एकमेकांना जोडून चालवले आणि निकाल लागण्याआधीच कारखाने सुरू केले. लस फसली असती तर तो माल फेकून द्यावा लागला असता. धोका पत्करला तो पैशाचा.

दुसरं कारण संदेश लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही. लस गुणकारी आहे की नाही हे ठरवायला पुरेशी माणसं आजारी पडावी लागतात. रोग तुरळक असेल तर त्यातच वर्षं जातात. फायझरच्या चाचणीत सुमारे ४४ हजार लोक होते आणि साथ जोरात होती, त्यामुळे १७० रुग्ण काही महिन्यांतच मोजून झाले. त्यांतले १६२ जण तुलनेसाठी नुसतं मीठपाण्याचं इंजेक्शन मिळालेले, ८ जण लस मिळालेले.

एका बाबतीत मात्र टीका खरी आहे. कोव्हॅक्सिनला जानेवारी २०२१ मध्ये परवानगी दिली, तेव्हा तिसऱ्या, म्हणजे हजारो लोकांवरच्या मोठ्या चाचणीच्या टप्प्याचे परिणामकारकतेचे आकडे हातात नव्हते. ते नंतर आले, ७७.८ टक्के, आणि चांगले आले. तरी आधी परवानगी आणि मग आकडे हा क्रम चुकीचाच होता. त्याने लोकांचा विश्वास विनाकारण कमी केला.

‘लस आधीच तयार होती’

लस नव्हती, तंत्र होतं. फायझरची लस ज्यावर उभी आहे, त्या एमआरएनएवरचा (पेशींना प्रथिन बनवण्याची सूचना देणारा रेणू) कॅटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन या शास्त्रज्ञांचा पायाभूत शोधनिबंध २००५ चा. मर्स या करोनाच्याच भावकीतल्या विषाणूवर ऑक्सफर्डमध्ये लसीचं काम चालूच होतं. करोनाच्या नव्या विषाणूचा जनुकीय आराखडा जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाला आणि १६ मार्चला माणसाला पहिली चाचणीची लस टोचली गेली. पेरणी आधी झालेली असली की पीक लवकर हाती येतं, यात कट कुठला?

‘दुष्परिणाम लपवले, कोर्टात कबूल केले’

ॲस्ट्राझेनेकाच्या लसीने, म्हणजे आपल्या कोव्हिशील्डने, अगदी क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात, हे खरं आहे. ज्यांच्या घरात हे घडलं, त्यांचं दुःख आकड्यांत मावत नाही. त्यांना भरपाई मिळायलाच हवी. पण कंपनीने ज्यात हे मान्य केलं, त्या कोर्टातल्या कागदाची बातमी २०२४ ची, आणि युरोपच्या औषध नियामकाने हा दुष्परिणाम ७ एप्रिल २०२१ रोजीच उघडपणे जाहीर केला होता. त्यानंतर अनेक देशांनी तरुणांना ती लस देणं थांबवलं. लाखांत एखाद्याला होणारी गोष्ट चाळीस हजारांच्या चाचणीत दिसत नाही, म्हणूनच परवानगीनंतरही नोंदी ठेवाव्या लागतात.

‘शंभर दिवस म्हणजे प्रयोग आपल्यावर’

हे शंभर दिवसांचं उद्दिष्ट २०१७ मध्ये दावोसला सुरू झालेल्या ‘सेपी’ या संस्थेचं. तिच्या संस्थापकांत भारतही आहे. चाचण्यांना कात्री लावायची असा त्याचा अर्थ नाही. नमुना-लसी, चाचणीचे आराखडे आणि परवानग्या साथीच्या आधीच तयार ठेवायच्या, एवढंच.

युगांडात हे घडलेलं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथे इबोलाचाच सुदान प्रकार पसरला. त्यावर मान्यताप्राप्त लस नव्हती. चाचणीच्या लसी पोहोचायला ७९ दिवस लागले आणि तोवर साथ विझत आली होती. ५५ रुग्ण दगावले, लस देऊन पाहायला रुग्णांच्या संपर्कातलं नवं कुणी उरलं नाही. त्याच प्रकाराची नवी साथ ३० जानेवारी २०२५ रोजी जाहीर झाली. या वेळी डोस देशात आणून ठेवलेले होते, चाचणीचा आराखडा मंजूर होता. चार दिवसांनी, ३ फेब्रुवारीला, राजधानी कंपालात रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना लस टोचायला सुरुवात झाली.